मधल्या पिंपाचा वाली कोण?

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी भर दिवसा जो भीषण स्फोट झाला, त्यात बारा माणसे प्राणास मुकली, शेकडो जखमी झाली आणि दूरदूरच्या घरांच्या खिडक्यांची तावदाने फुटून अंथरुणापांघरुणांवर पडली. त्या दिवसाला आठ वर्षे पुरी होण्यास तीन दिवस उरले असताना, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत दुसरा कारखाना उडाला आणि पुन्हा दहाहून अधिक जीव गेले. दोन्ही वेळा चौकशीचे आदेश निघाले, मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली, आणि दोन्ही वेळा नागरिकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : हे कारखाने आमच्या दारातून केव्हा हलणार? धोकादायक रासायनिक कारखाने पाताळगंगेस नेण्याची घोषणा सरकारने २०२२ मध्येच केली होती. घोषणा कागदावर राहिली आणि स्फोट मात्र प्रत्यक्षात झाला, ही तक्रार रास्तच आहे. परंतु कारखाना कोठे असावा या एकाच प्रश्नात आपण सर्वजण इतके गुंतलो आहोत, की कारखान्यात काय आहे, किती आहे आणि ते कोणाच्या हाती आहे, हा त्याहून जवळचा प्रश्न विचारावयाचे आपल्याला सुचलेलेच नाही. आज आम्ही तोच प्रश्न वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

२०१६ च्या स्फोटाची चौकशी करणाऱ्या समितीने आपल्या अहवालात ज्या रसायनाकडे बोट दाखविले, त्याचे नाव प्रोपार्जिल क्लोराइड. हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. औषधाच्या दुकानात ते मिळत नाही, गोळीच्या वेष्टनावर ते छापलेले नसते, डॉक्टरांच्या चिठ्ठीत ते येत नाही. ते औषध नव्हे. औषधे आणि तत्सम रसायने तयार करताना वाटेत लागणारा तो एक पदार्थ आहे. कारखान्याच्या भाषेत अशा पदार्थास 'इंटरमिजिएट' म्हणतात. आपण त्याला मधले रसायन म्हणू.

औषधाची गोळी एका दमात तयार होत नाही. साध्या कच्च्या मालापासून निघून पाच, सात, प्रसंगी दहा-बारा पायऱ्या चढल्यावर औषधाचा रेणू हाती येतो, आणि प्रत्येक पायरीवर जे तयार होते ते कच्चा मालही नसते व औषधही नसते. घरातील उदाहरण द्यावयाचे तर साखर आणि लाडू यांच्यामध्ये जसा पाक, तसे हे मधले रसायन. लाडू बिघडतो तो पाकात, आणि हात भाजतो तोही पाकानेच, हे कोणत्याही गृहिणीस सांगावे लागत नाही. मधले रसायन घातक का असते याचे उत्तरही सोपे आहे. दुसऱ्या रेणूशी चटकन जोडले जावे याचसाठी ते तयार केलेले असते. ते निरुपद्रवी आणि थंड स्वभावाचे असते, तर पुढच्या पायरीला निरुपयोगी ठरले असते. त्याची उपयुक्तता आणि त्याचा धोका ही एकाच गुणाची दोन नावे आहेत.

प्रोपार्जिल क्लोराइडचेच पाहा. कंपवाताच्या रोग्यांना जी सेलेजिलीन आणि रासाजिलीन ही औषधे देतात, त्यांच्या रेणूत प्रोपार्जिल गट असतो आणि तो जोडण्यासाठी या जातीची मधली रसायने लागतात. म्हणजे कोणा वृद्धाचा थरथरणारा हात स्थिर व्हावा यासाठीच त्यांची गरज आहे. पण हा द्रव अवघ्या सत्तावन्न-अठ्ठावन्न अंशांना उकळतो. त्याची वाफ हवेपेक्षा अडीचपट जड असल्यामुळे ती वर उडून न जाता जमिनीसरशी, गटारातून, दाराच्या फटीतून सरपटत जाते आणि दूरवरची ठिणगी शोधून काढते. ती श्वासावाटे आणि कातडीवाटेही विषारी आहे. आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी, की या रेणूच्या पोटात कोंडलेली शक्ती बाहेर पडण्यास हवेची गरज लागत नाही. बंद पिंपात किंवा नळीत तो तापला, की स्वतःच्याच उष्णतेने विघटित होऊ लागतो, आणि विघटनाने निघालेली उष्णता त्या विघटनास आणखी वेग देते. पिंपात नायट्रोजन भरून हवा बाहेर काढली म्हणजे आग टळते; विघटन टळेलच असे नाही. तांबे व ज्यात तांबे पुष्कळ आहे असे धातू त्याच्याजवळ असू नयेत, कारण त्यांच्या संगतीने स्फोटक क्षार तयार होण्याची भीती असते. म्हणजे चुकून बसविलेली एखादी पितळी तोटीही वैरी ठरू शकते. त्याच्याच कुळातील प्रोपार्जिल ब्रोमाइड तर टोल्युइनमध्ये विरळ करूनच विकण्याची रीत आहे. निखळ स्वरूपात त्याच्यावर विश्वास ठेवण्याची कोणाची तयारी नसते.

आता असा द्रव मे महिन्याच्या दुपारी, पत्र्याच्या छपराखाली, दाटीवाटीच्या वसाहतीत साठविलेला आहे आणि त्याच्या आसपास वेल्डिंगचे काम चालले आहे, अशी कल्पना वाचकांनी करावी. चौकशीने दाखविलेले चित्र थोडेफार याच प्रकारचे होते. यात अकल्पित असे काय आहे? ज्याने हे रसायन कोणत्या स्वभावाचे आहे ते वाचले असेल, तो पिंपे हलविल्यावाचून वेल्डिंगची ठिणगी पाडू देणार नाही. आणि ज्याच्या हाती वेल्डिंगचा दांडा होता त्याला पलीकडच्या पिंपात काय आहे हे ठाऊक असते, तर त्याने तो खाली ठेवला असता; आपला जीव कोणाला प्यारा नसतो? तेव्हा अपघाताचे खरे कारण ठिणगी नव्हे. एकाला जे ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते, ते दुसऱ्यापर्यंत पोचले नाही, हे खरे कारण होय. 'मानवी चूक' हा शब्द अशा वेळी फार सोयीचा पडतो. त्याने मेलेल्या माणसावर दोष टाकता येतो, आणि मेलेला माणूस खुलासा करावयास येत नाही.

मधल्या रसायनाने घात केल्याची ही पहिलीच वेळ नव्हे. १९७६ च्या जुलै महिन्यात इटलीतील मिलान शहराजवळ सेव्हेसो गावावर जो विषारी ढग उतरला, तो अशाच एका मधल्या रसायनाच्या कारखान्यातून. ट्रायक्लोरोफेनॉल नावाचे ते रसायन हेक्साक्लोरोफीन या जंतुनाशकासाठी लागत असे. शनिवारी कारखाना सुट्टीसाठी बंद करावयाचा म्हणून बॅच अर्धवट ठेवण्यात आली, ढवळणी थांबली आणि माणसे घरी गेली. काही तासांनी आतल्या आत उष्णता वाढून झडप फुटली आणि डायॉक्सिन हे जहाल विष आसपासच्या गावांवर पसरले. ते डायॉक्सिन आहे हे गावकऱ्यांना कळण्यास आठवड्याहून अधिक काळ लोटला, आणि तोवर मुले त्याच अंगणात खेळत होती. पुढे शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली, मुलांच्या चेहऱ्यांवर फोड उठले, हजारो जनावरे मारून टाकावी लागली. युरोपने त्यावरून धडा घेऊन १९८२ मध्ये धोकादायक साठ्यांविषयीचा जो कायदा केला, तो आजही त्याच गावाच्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडे धडा मिळाला तो त्याहून कितीतरी भयंकर होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये ज्याने हजारोंचे प्राण घेतले, ते मिथिल आयसोसायनेट हेसुद्धा मधलेच रसायन होते. विकावयाचा माल होता तो कीटकनाशक. हा वायू केवळ वाटेवरचा मुक्काम होता. तरीही तो एकाच टाकीत सुमारे चाळीस टन साठविलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, वायू जाळून टाकणारी ज्योत दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती, आणि टाकीत पाणी शिरले. भोपाळनंतर काही परदेशी कारखान्यांनी हे रसायन साठविणेच सोडून दिले. ते लागेल तेव्हा, लागेल तितके तयार करून नळीतून थेट पुढच्या पायरीला देण्याची पद्धत त्यांनी बसविली. मग प्रश्न असा उरतो, की चाळीस टन साठविण्याची गरज मुळात होती काय? ट्रेव्हर क्लेट्झ नावाच्या ब्रिटिश अभियंत्याने भोपाळच्याही आधी, १९७० च्या दशकात, या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले होते. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की जे जवळ नाही ते गळू शकत नाही; म्हणून धोक्याला कुलपे लावीत बसण्यापेक्षा धोकाच कमी बाळगावा. इतके साधे व्यवहारज्ञान आपल्या आजीबाईंनाही होते. लहान मुलांच्या घरात रॉकेलचा डबा भरून ठेवू नये, हे त्यांना कोणी अभियांत्रिकी शिकवून सांगितले नव्हते.

भोपाळनंतर आपल्या देशात कायदे झाले नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाने कायद्यातील दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांच्या उत्पादन-साठवणुकीचे नियम, १९९६ चे रासायनिक आपत्तींविषयीचे नियम, अशी ही माळ लांबलचक आहे. घातक द्रव्याची माहिती कामगारांस, आसपासच्या नागरिकांस आणि स्थानिक अधिकाऱ्यांस दिलीच पाहिजे, हे तत्त्व १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात आणले. तात्काळ धोका दिसल्यास तो वरिष्ठांच्या नजरेस आणून देण्याचा हक्कही कामगारास तिनेच दिला. कारखाने कायद्याची जागा २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यापासून नव्या श्रमसंहितेने घेतली असली, तरी ही तत्त्वे तिच्यातही आली आहेत. त्या संहितेने निरीक्षकास कारखानदाराचा साहाय्यक अशी दुसरीही भूमिका दिली आहे. साहाय्य अवश्य करावे. पण साहाय्याच्या सौजन्यात निरीक्षणाचा डोळा मिटू नये, एवढे आम्ही येथेच बजावून ठेवतो.

मग उणीव कोठे आहे? आमच्या मते उणीव अशी, की मधल्या रसायनाला वालीच नाही. अन्न व औषध प्रशासन पाहते ते गोळीकडे. परदेशांतून तपासनीस येतात, तेही तेथील रोग्याच्या पोटात जाणाऱ्या औषधाची शुद्धता तपासण्यास. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहते ते धुराड्यातून आणि नाल्यातून बाहेर पडणाऱ्या गोष्टींकडे. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचे काम कारखान्याच्या आतले खरे, पण शेकडो कारखान्यांत रोज बदलणाऱ्या पिंपांचा हिशेब त्याच्या मोजक्या अधिकाऱ्यांनी कसा ठेवावा? गोळीच्या एकेका बॅचची कुंडली वर्षानुवर्षे जपून ठेवणारा हा उद्योग आहे. एका गोळीत अमुक अशुद्ध द्रव्याचा दशलक्षांश किती, हे तो सांगू शकतो. त्याच उद्योगाच्या मागच्या आवारात आज दुपारी कोणते रसायन किती पिंपे पडून आहे, हे अग्निशामक दलाच्या जवानाला आत शिरताना सांगता येत नाही, ही विसंगती कोणाच्याच नजरेस खुपू नये काय?

ही विसंगती केवळ डोंबिवलीपुरती नाही. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधनिर्मितीच्या कारखान्यात अकरा कामगार गेले. २१ ऑगस्ट २०२४ रोजी आंध्रमधील अच्युतापुरम येथे अशाच कारखान्यात एका ज्वालाग्राही द्रावकाच्या वाफेने पेट घेतला आणि सतरा माणसे मेली. महाडच्या स्फोटाने पुण्या-मुंबईची तावदाने फुटली नाहीत, म्हणून चार दिवसांत आपण तो विसरलो. येथेच स्थलांतराच्या मागणीतील उणेपणा दिसून येतो. कारखाना डोंबिवलीहून पाताळगंगेस गेला म्हणजे तावदाने वाचतील. पण पिंपाबरोबर पिंप उचलणारा हेल्परही तिकडे जाणार आहे. तो बहुधा कंत्राटी असतो, पुष्कळदा परप्रांतातून आलेला असतो, आणि पिंपावरची इंग्रजी चिठ्ठी त्याला वाचता येत नसते. धोका आपल्या दृष्टीआड करणे म्हणजे धोका दूर करणे नव्हे. दाट वस्तीत असे कारखाने नसावेत हे आम्हांसही मान्य आहे. परंतु स्थलांतर ही सुरक्षिततेची सुरुवात होऊ शकेल, तिचा पर्याय होऊ शकणार नाही.

यावर कारखानदारांचे म्हणणे काय असते ते आम्ही जाणतो, आणि ते उडवून लावण्याजोगे नाही. लहान कारखानदार म्हणतो, की माल स्वस्त द्यावा तर सुरक्षिततेवर खर्च करता येत नाही, आणि खर्च करावा तर चीनचा माल बाजार घेऊन जातो. भारतातील स्वस्त औषधांवर जगातील गोरगरीब जगतात, हेही खोटे नाही. या धंद्याने कोकणपट्टीत आणि ठाण्या-रायगडात हजारो घरच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. हा उद्योग बुडावा अशी इच्छा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण आम्ही सुचवीत असलेल्या गोष्टींत पैशापेक्षा शिस्तच अधिक लागते. पिंपे कमी साठविण्यास भांडवल कमीच लागते. वेल्डिंगपूर्वी ज्वालाग्राही वाफेची तपासणी करणारे यंत्र, मग ते विकत घेतलेले असो वा भाड्याचे, एका जळालेल्या छपराहून स्वस्त असते. शिवाय स्फोटानंतर तो लहान कारखानदारच समूळ नष्ट होतो. त्याचे कर्ज, त्याची इमारत, त्याची अब्रू काहीच उरत नाही. सुरक्षितता महाग असेल, तर असुरक्षितता किती महाग आहे याचा हिशेब डोंबिवलीच्या राखेत कोणीही वाचून घ्यावा.

तेव्हा काय करावे, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पहिली गोष्ट, जी मधली रसायने स्वतःहून विघटित होतात किंवा ज्यांची वाफ प्राणघातक आहे, त्यांच्या साठ्याला प्रत्येक कारखान्यापुरती कमाल मर्यादा ठरवावी आणि ती उद्याच्या कामास लागेल त्याहून फारशी अधिक नसावी. त्या दिवशीचा साठा फाटकावरील फळ्यावर लिहावा आणि वसाहतीच्या अग्निशामक केंद्राला रोज कळवावा. दुसरी, कोणतीही नवी क्रिया मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये करण्यापूर्वी तीत किती उष्णता निघते, आणि कोणत्या तपमानापुढे ती हाताबाहेर जाते, हे प्रयोगशाळेत मोजलेले असले पाहिजे. काचेच्या चंबूत जी उष्णता भिंतीतून सहज निघून जाते, ती हजारो लिटरच्या भांड्यात कोंडून राहते. प्रयोगशाळेतील यश हा कारखान्यातील सुरक्षिततेचा दाखला नव्हे. एकट्या लहान कारखानदारास ही उपकरणे परवडणार नाहीत हे खरे, म्हणून औद्योगिक विकास महामंडळाने प्रत्येक रासायनिक वसाहतीसाठी त्यांची सामाईक सोय करावी. माटुंग्याची १९३३ पासूनची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या आपल्या दाराशी असताना ज्ञानाची सबब तरी आपण सांगू नये.

तिसरी गोष्ट वेल्डिंगची. आसपासची पिंपे हलविली, नळ्या रित्या करून धुतल्या, हवेत ज्वालाग्राही वाफ नाही हे यंत्राने पाहिले, आणि केमिस्टने स्वतः जागेवर उभे राहून परवान्यावर सही केली, याशिवाय कोणत्याही रासायनिक कारखान्यात वेल्डिंगचा दांडा पेटता कामा नये. टेबलाशी बसून केलेली सही हा गुन्हा समजावा. चौथी, प्रत्येक पिंपावर मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत, आत काय आहे, ते कशाने भडकते, अंगावर उडाल्यास प्रथम काय करावे, हे लिहिलेले असावे. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना ते दर पाळीच्या आरंभी तोंडी सांगावे. कंत्राटदाराने सकाळी फाटकाशी आणून सोडलेल्या माणसालाही हे सांगितल्यावाचून आत घेऊ नये. पाचवी आणि शेवटची गोष्ट सरकारने करावयाची आहे. अपघाताच्या चौकशीचा अहवाल ठराविक मुदतीत, मराठीत, सर्वांसाठी प्रसिद्ध झाला पाहिजे. २०१६ च्या स्फोटाचा अहवाल नागरिकांना माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून मिळवावा लागला, ही गोष्ट सरकारला शोभणारी नाही. तो अहवाल वेळीच वसाहतीतील प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर लागला असता, तर २०२४ चा स्फोट टळला असता असे आम्ही म्हणत नाही. पण टाळण्याचा प्रयत्न तरी झाला असता.

आता दोन शब्द आमच्या वाचकांशी. आपण सुशिक्षित आहोत, गोळी घेताना तिची मुदत संपली काय हे उलटून पाहतो, औषध अस्सल की नकली याची चौकशी करतो. ती गोळी तयार करताना कोणाचा हात भाजला, कोणाच्या छातीत वाफ गेली, हे त्या वेष्टनावर छापलेले नसते म्हणून आपण ते विचारीत नाही. डोंबिवलीला मराठी मध्यमवर्गाचे, नाटका-पुस्तकांवर प्रेम करणाऱ्यांचे शहर म्हणून सारा महाराष्ट्र ओळखतो. २०१६ च्या स्फोटानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, २०१७ च्या फेब्रुवारीत, तेथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. जे शहर असे संमेलन भरवू शकते, ते आपल्या शेजारच्या वसाहतीतील पिंपांवरची अक्षरे मराठीत व्हावीत, एवढा आग्रह धरू शकणार नाही काय? मराठी ही ज्ञानभाषा व्हावी असे आपण व्यासपीठावरून म्हणतो. तिची पहिली परीक्षा त्या पिंपावर आहे. तेथे जर ती कोणाचा जीव वाचवू शकली, तर ती ज्ञानभाषा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागणार नाही.

औषध हे जीव वाचविण्यासाठी असते. ज्या औषधाच्या वाटेवर त्याच्या निर्मात्यांचेच बळी पडतात, त्याच्या शुद्धतेचा दाखला कितीही प्रयोगशाळांनी दिला, तरी ते संपूर्ण शुद्ध आहे असे आम्ही म्हणणार नाही. पाताळगंगेचे जे व्हावयाचे ते होवो. तोवर डोंबिवलीत, तारापुरात, महाडात, लोट्यात आज रात्रीच्या पाळीला जो हेल्पर पिंप कलंडवून ढकलीत नेईल, त्याला त्या पिंपात काय आहे हे ठाऊक असले पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, स्थलांतर लागत नाही. असलेला कायदा पाळण्याची दानत लागते. ती दाखविण्यास तिसऱ्या स्फोटाची वाट पाहावयाची काय, एवढेच सरकारने आणि कारखानदारांनी आता सांगावे.